रिच मिक्श्चर: स्क्रूला हात लावण्याआधी

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीतून काळा धूर यायला लागला, ॲव्हरेज पडलं, गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास राहायला लागला, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) झालं, की बहुतेकांचा हात थेट मिक्श्चर स्क्रूकडे जातो. स्क्रू थोडा आत घेतला की आयडलिंग बरं वाटतं, धूर कमी झाल्यासारखा दिसतो आणि खरा दोष जागच्या जागी राहतो. हा स्क्रू फक्त आयडलिंगचं मिक्श्चर ठरवतो. फ्लोट बाऊलमध्ये (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या टाकीत) पेट्रोलची पातळीच वर असेल किंवा चोक (थंड इंजिनासाठी मिक्श्चर रिच करणारी झडप) अर्धवट लागून राहत असेल, तर तो कितीही फिरवा, काही हाती लागत नाही. वर पुढे कधीतरी मूळ दोष दुरुस्त झाला की आयडलिंग लीन (पेट्रोल कमी) पडतं आणि गाडी नव्याच तक्रारी सुरू करते. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी इग्निशन, मग हवा आणि चोक, मग पेट्रोलचं प्रेशर आणि पातळी, मग कार्ब्युरेटरच्या आतले मार्ग. स्क्रू सगळ्यात शेवटी.

आकडे आधी डोक्यात हवेत. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने 1 भाग पेट्रोलला साधारण 14.7 भाग हवा लागते. पण कार्ब्युरेटरचं इंजिन कायम या आकड्यावर चालत नाही आणि चालूही नये. पूर्ण थ्रॉटलला 12.5 ते 13 वर सगळ्यात जास्त ताकद मिळते, आयडलिंगला 13 ते 14 च्या आसपास इंजिन शांत चालतं, आणि सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना 14 ते 15 चालतं. आकडा जितका लहान तितकं मिक्श्चर रिच, म्हणजे थोडं रिच हा दोष नाही. आयडलिंगला किंवा साध्या वेगाला आकडा 12 च्या खाली जाऊन तिथेच राहतो, तेव्हा दोष शोधायचा.

रिच इंजिनाची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे ते थंड असताना छान चालतं आणि गरम झालं की बिघडतं. लीन इंजिनाचं नेमकं उलटं असतं. बाकीच्या खुणाही बघा: आयडलिंगला आरपीएम संथ लयीत वरखाली होत राहतं, एक्झॉस्टच्या वासाने डोळे चुरचुरतात, सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवलं की कोरडी काजळी लागते. धुराचा रंग नीट बघा. काळा धूर म्हणजे न जळलेलं पेट्रोल, निळा म्हणजे ऑइल, आणि गरम इंजिनातून सतत येणारा पांढरा म्हणजे कूलंट. स्पार्क प्लगवर कोरडा, मऊ, बोटाने पुसला जाणारा काळा थर असेल तर तो मिक्श्चरचा. थर ओला आणि तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड बघा, कार्ब्युरेटर सोडून द्या.

प्लग बघण्याची एक रीत आहे. गाडी आणून उभी केली, दोन मिनिटं आयडलिंगला ठेवली आणि मग प्लग काढले, तर तुम्ही फक्त आयडलिंगचं मिक्श्चर बघताय. हायवेच्या वेगाचं मिक्श्चर बघायचं असेल तर स्वच्छ प्लग लावून मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर काही किलोमीटर एका वेगाने जा, मग क्लच दाबून लगेच इग्निशन बंद करा आणि गाडी घरंगळत कडेला घ्या. चावी स्टीअरिंग लॉकपर्यंत फिरणार नाही याची काळजी घ्या आणि ब्रेकला बूस्टर असेल तर पॅडल कडक लागणार हे लक्षात ठेवा. सिरॅमिकचा रंग फिकट तपकिरी असला तर त्या वेगाला मिक्श्चर ठीक आहे.

संशय पक्का करायची एक साधी चाचणी: गरम इंजिन आयडलिंगला ठेवा आणि इनटेक मॅनिफोल्डवरचा एखादा बारीक व्हॅक्यूम पाइप क्षणभर काढा. थोडी जास्तीची हवा आत गेल्यावर आरपीएम वाढलं आणि इंजिन सुधारलं तर मिक्श्चर रिच आहे. लगेच अडखळलं तर रिच नाही. यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा पाइप वापरू नका. त्याने टायमिंग बदलू शकतं आणि उत्तर चुकीचं मिळतं.

आता इग्निशन. कमजोर स्पार्कनेही प्लग काळे पडतात आणि एक्झॉस्टला पेट्रोलचा वास येतो, कारण आत आलेलं मिक्श्चर जळतच नाही. सीबी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे कॉन्टॅक्ट) जळलेले किंवा त्यांचा गॅप चुकलेला, कंडेन्सर गेलेला, कॉइलला पूर्ण व्होल्टेज न पोहोचणं, मॅन्युअलमधल्यापेक्षा थंड हीट रेंजचे प्लग, यातलं काहीही कार्ब्युरेटरच्या दोषासारखं दिसतं. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला आतून बारीक तडे गेलेत का, तेही बघून घ्या. टायमिंग मागे असेल तर आणखी एक गोंधळ होतो: आयडलिंग टिकत नाही म्हणून कोणीतरी थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू आत घेतलेला असतो. त्याचे परिणाम पुढे बघू. वाइडबँड लॅम्डा मीटर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिक्श्चर दाखवणारं मीटर) वापरणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. मिसफायर होत असेल तर न जळलेल्या मिक्श्चरमधला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचतो आणि मीटर लीन दाखवतो. ते बघून जेट (पेट्रोलचं माप ठरवणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) मोठा केला तर दोष दुप्पट होतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टचा जोड हवा ओढत असला तरीही हेच होतं.

इग्निशन ठीक निघालं की मिक्श्चर नेमकं कोणत्या अवस्थेत रिच आहे ते ठरवा. फक्त आयडलिंगला, की मध्यम वेगाला, की पॅडल पूर्ण दाबल्यावर, की सगळीकडे? या प्रश्नाचं उत्तर मिळालं की निम्मं काम झालं. सगळीकडे रिच असेल तर चोक, एअर फिल्टर, पेट्रोलचं प्रेशर आणि फ्लोट सोडून दुसरीकडे जाऊच नका.

चोक बघायला एक मिनिट लागतो आणि दोष तिथेच असण्याची शक्यता मोठी असते. पूर्ण गरम इंजिनावर एअर फिल्टर काढून बघा: चोकची पाकळी अगदी उभी हवी. थोडी जरी तिरकी असेल तर सगळ्या वेगांना मिक्श्चर रिच होतं. हाताने चालवायचा चोक असेल तर नॉब पूर्ण आत असताना केबल किंचित सैल पाहिजे. ऑटोमॅटिक चोक असेल तर त्याच्या गोल डबीतल्या बायमेटल स्प्रिंगला उष्णता मिळते की नाही ते बघा. इलेक्ट्रिक प्रकारात इग्निशन चालू असताना टर्मिनलवर व्होल्टेज यायला हवं आणि काही मिनिटांत पाकळी उघडायला हवी. पाण्यावर चालणाऱ्या प्रकारात होजमध्ये गरम पाणी फिरतंय का ते हात लावून कळतं. थर्मोस्टॅट उघडाच अडकून इंजिन कायम थंड राहत असेल, तर हा चोक पूर्ण उघडत नाही आणि दोष कार्ब्युरेटरच्या माथी मारला जातो. वेबर डीसीओईसारख्या कार्ब्युरेटरमध्ये पाकळी नसते, वेगळा स्टार्टर मार्ग असतो. त्याचा लिव्हर स्टॉपपर्यंत परत येत नसेल तर त्या मार्गाने पेट्रोल जातच राहतं आणि वरून काही दिसत नाही.

एअर फिल्टरची शंका असेल तर फिल्टर काढून छोटीशी फेरी मारून बघा. फरक जाणवला तर फिल्टर बदला. ऑइल बाथ फिल्टरमध्ये खुणेच्या वर ऑइल भरलं असेल तरी हवा अडते.

आता पेट्रोलचं प्रेशर आणि फ्लोट. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. कार्ब्युरेटरमधला प्रत्येक जेट हे धरून बनवलेला असतो, की बाऊलमधलं पेट्रोल एका ठरावीक उंचीवर आहे. ती उंची दोन-तीन मिलिमीटरने वाढली तरी मेन नोझलमधून पेट्रोल आधी सुटायला लागतं आणि सगळंच मिक्श्चर रिच होतं.

पंप आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये टी जोडून प्रेशर गेज लावा. एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरला साधारण 1.5 ते 3 पीएसआय पुरतं, वेबर डीसीओईला 3 ते 3.5, तर होलीला 5 ते 7 चालतं. बदली म्हणून बसवलेला इलेक्ट्रिक पंप 6-7 पीएसआय देत असेल आणि कार्ब्युरेटर एसयू किंवा वेबर असेल, तर नीडल व्हॉल्व्ह (फ्लोट वर तरंगला की पेट्रोल बंद करणारी सुई) चांगला असूनही पेट्रोल त्याला ढकलून आत येणारच. अशा वेळी प्रेशर रेग्युलेटर लावा. फ्लोट खाली वाकवून मार्ग काढू नका.

प्रेशर बरोबर असेल तर इंजिन बंद करून पंपाच्या बाजूची रबरी होज क्लॅम्पने दाबा आणि गेज बघत राहा. काटा झरझर खाली आला आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर नीडल व्हॉल्व्ह बसत नाही. कव्हर उघडून नीडल काढा आणि टोक भिंगातून बघा. पितळेच्या किंवा स्टीलच्या टोकाभोवती चमकदार गोल चर दिसला तर नीडल आणि सीट दोन्ही बदलायचे, जोडीनेच. रबरी टोक असेल तर ते कडक झालंय का, फुगलंय का ते बघा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जुन्या प्रकारचं रबर टिकत नाही. सीटच्या खालचा वॉशर हमखास विसरला जातो. तो नसेल किंवा पातळ बसवला असेल तर सीट वर सरकते, नीडल उशिरा बंद होतो आणि पातळी वाढते. शिवाय आट्यांमधून पेट्रोल नीडलला वळसा घालून आत येतं. मग नवा नीडल बसवूनही ओव्हरफ्लो थांबत नाही आणि माणूस चक्रावतो.

पितळेचा फ्लोट कानाजवळ हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला भोक आहे. आवाज आला नाही तरी तो गरम पाण्यात बुडवा. आतली हवा फुगते आणि भोकातून बारीक बुडबुड्यांची रांग निघते. पाणी उकळतं नको, हाताला चटका बसेल इतकं गरम पुरतं, आणि शेगडी किंवा ज्योत जवळपास नको. आत पेट्रोल शिरलेल्या फ्लोटला डाग देऊ (सोल्डर करू) नका, आतल्या वाफेने तो फुटू शकतो. नवा घालणं हाच शहाणपणा. फोमचे फ्लोट वेगळ्या तऱ्हेने दगा देतात. ते हळूहळू पेट्रोल शोषून जड होतात आणि दिसायला ठणठणीत राहतात. मॅन्युअलमध्ये वजन दिलेलं असेल तर काट्यावर तोलून ताडून बघा.

मग फ्लोटची उंची. ती कुठून कुठे मोजायची, गॅस्केटसकट की गॅस्केटशिवाय, हे प्रत्येक कार्ब्युरेटरला वेगळं असतं, त्यामुळे त्याच मॉडेलचा आकडा बघा. एसयूच्या एचएस प्रकारात झाकण उलटं धरून फ्लोट आणि झाकण यांच्यामध्ये साधारण 3 ते 5 मिमी अंतर ठेवतात. होलीच्या बाऊलला बाजूला प्लग असतो. गाडी सपाट जागी, इंजिन आयडलिंगला असताना तो प्लग काढला तर पेट्रोल भोकाच्या खालच्या कडेला जेमतेम टेकलेलं दिसायला हवं. नीडलच्या टोकाशी स्प्रिंगवरची बारीक गोळी असेल तर मोजताना फ्लोटच्या वजनाने ती दाबली जाऊ देऊ नका. झाकण उभं धरून, फ्लोटची जीभ गोळीला नुसती टेकल्यावर माप घ्या.

एवढं झालं की इंजिन सुरू करून आयडलिंगला ठेवा आणि कार्ब्युरेटरच्या घशात टॉर्च मारून बघा. चेहरा थेट वर नको, बाजूला ठेवा, चष्मा घाला, अग्निशामक हाताशी ठेवा. बॅकफायर झाला तर ज्वाळा वर येते. व्हेंच्युरी (घशातला अरुंद भाग) आतून कोरडी दिसायला हवी, कारण आयडलिंगचं पेट्रोल थ्रॉटलच्या पाकळीच्या खालच्या बारीक भोकातून जातं. मेन नोझलच्या टोकाला पेट्रोलचा थेंब भरत जातो, थरथरतो, सुटतो आणि पाकळीवर पडून काळपट ओला डाग पसरतो, असं दिसलं तर पातळी अजून वरच आहे. थेंब ॲक्सिलरेटर पंपाच्या बारीक नळीतून येत असेल तर त्या पंपाचा व्हॉल्व्ह गळतोय. इंजिन बंद केल्यावर नोझलमधून थेंब सुरू झाले, तर बाऊलमधलं पेट्रोल उष्णतेने उकळतंय किंवा लाइनमध्ये प्रेशर राहिलंय. उष्णतेचं असेल तर कार्ब्युरेटरखालचा इन्सुलेटर ब्लॉक जागेवर आहे का ते बघा. गरम गाडी बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी सुरू होत नाही, ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येते आणि तिचा जेटशी काही संबंध नसतो.

फक्त आयडलिंग रिच असेल तर आता स्क्रूची पाळी, आणि तीही आधी चाचणी म्हणून. स्क्रू किती वेढे बाहेर आहे ते मोजून लिहून ठेवा, मग हलक्या हाताने पूर्ण आत घ्या. इंजिन बंद पडायला हवं. पडलं नाही, तर पेट्रोल दुसऱ्या वाटेने येतंय. ही चाचणी मला फार मोलाची वाटते. दुसरी वाट बहुतेक वेळा प्रोग्रेशन होलची (थ्रॉटल थोडा उघडल्यावर पेट्रोल देणाऱ्या भोकांची) असते: थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू जास्त आत असेल तर पाकळी एवढी उघडी राहते, की आयडलिंगलाच ती भोकं उघडी पडतात. अशा वेळी स्टॉप स्क्रू सोडा, टायमिंग नीट करा आणि मग पुन्हा सुरुवात करा. स्क्रू काढून त्याचं टोकही बघा. कोणीतरी आवळून बसवला असेल तर शंकूवर कडं उमटलेलं असतं आणि त्या स्क्रूने बारीक ॲडजस्टमेंट होत नाही. साधारण दीड वेढा बाहेर ही सुरुवातीची जागा. तिथून सगळ्यात जास्त आरपीएम मिळेपर्यंत फिरवा, मग किंचित आत. बहुतेक वेबर, सोलेक्स आणि होलीमध्ये स्क्रू आत म्हणजे लीन.

होलीमध्ये स्क्रू पूर्ण आत घेऊनही इंजिन चालत राहिलं तर पॉवर व्हॉल्व्हचा (जास्त जोर लागला की जादा पेट्रोल देणाऱ्या व्हॉल्व्हचा) डायफ्रॅम फाटल्याची शंका घ्या. बॅकफायरने तो फाटतो, आणि मग मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम बाऊलमधलं पेट्रोल सरळ ओढून घेतो. डायफ्रॅम शाबूत असूनही व्हॉल्व्ह चुकीचा असू शकतो. त्यावरचा आकडा, उदाहरणार्थ 65, म्हणजे 6.5 इंच पाऱ्याइतक्या व्हॅक्यूमला तो उघडतो. कॅमशाफ्ट बदललेलं असेल आणि आयडलिंगचा व्हॅक्यूमच तेवढा कमी असेल, तर व्हॉल्व्ह कायम उघडा राहतो.

मध्यम आणि वरच्या वेगाला रिच असेल तर जेट काढून आकडे वाचा. वेबरमध्ये 130 म्हणजे 1.30 मिमी. 135 चा जेट बसला तर भोकाचं क्षेत्रफळ सुमारे 8 टक्क्यांनी वाढतं, आणि प्लग काळा करायला तेवढं पुरतं. पण आकडा बरोबर असला म्हणजे भोकही तेवढंच आहे असं नाही. तारेने किंवा ड्रिलने साफ केलेला पितळी जेट मोठा झालेला असतो आणि तो पुन्हा लहान होत नाही. जेट फक्त क्लीनरने आणि हवेने साफ करायचे. भोकाच्या कडेला ओरखडे दिसले तर जेट सरळ बदला.

वेग वाढेल तसं मिक्श्चर जास्त रिच होत गेलं तर एअर करेक्टर तुंबलाय का बघा. त्यातून येणारी हवा पेट्रोलमध्ये मिसळून त्याचा प्रवाह आवरते. ती अडली की नुसतं पेट्रोल ओढलं जातं. ही भोकं कार्ब्युरेटरच्या वरच्या भागात, हवेच्या वाटेवरच असल्याने धूळ आणि ब्रीदरची (क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीची) तेलकट वाफ त्यात बसते. आयडलिंगच्या एअर ब्लीडलाही हेच लागू.

एसयूचं गणित थोडं वेगळं आहे, कारण तिथे एकच जेट आणि एकच निमुळती सुई सगळे वेग सांभाळतात. आधी चोक सोडल्यावर जेट पूर्ण वर परत येतोय का ते खाली बोट लावून तपासा. चिकटून खाली राहिलेला जेट हे एसयूमधल्या रिच मिक्श्चरचं फार नेहमीचं कारण. मग पिस्टन हाताने उचलून सोडा. तो न अडखळता ‘टक्’ आवाज करत बसला पाहिजे. मिक्श्चरची चाचणी पिस्टन फक्त 0.8 मिमी उचलून करतात: आरपीएम वाढून वाढलेलंच राहिलं तर रिच, क्षणभर किंचित वाढून स्थिरावलं तर बरोबर, इंजिन लगेच बसायला लागलं तर लीन. एचएसमध्ये जेटचा नट वर घेतला की लीन होतं. एकावेळी नटचा एकच पैलू फिरवा. एसयूच्या एचआयएफ प्रकारात स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की रिच होतं, इतरांच्या नेमकं उलट. नट पूर्ण वर नेऊनही आयडलिंग रिच राहिलं तर जेट बघा. सुई एका बाजूला घासून भोक अंडाकृती झालेलं असतं. नवी सुई आणि नवा जेट एकत्रच घाला, आणि जेट सेंटर करायचा प्रकार असेल तर तो सेंटर करा, नाहीतर नवी जोडीही तशीच घासली जाईल.

उंचीवर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट: 2000 मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 18 टक्क्यांनी कमी असते आणि साध्या कार्ब्युरेटरचं मिक्श्चर त्यामुळे 9-10 टक्क्यांनी रिच होतं. चार दिवसांच्या प्रवासासाठी काही बदलू नका. कायम तिथेच गाडी चालवायची असेल तर लहान जेट लावा.

दोष सापडला, दुरुस्त झाला, तरी शेवटचं ट्यूनिंग लगेच करू नका. आधी डिपस्टिक काढून वास घ्या. पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. रिच इंजिनात पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन खाली उतरतं, रिंग आणि बेअरिंग झिजवतं. शिवाय गरम ऑइलमधून त्याची वाफ निघते आणि ब्रीदरवाटे परत इनटेकमध्ये येऊन मिक्श्चर पुन्हा रिच करते. असं ऑइल आत ठेवून स्क्रू लावला तर ऑइल बदलल्यावर तीच सेटिंग लीन निघते. मेकॅनिकल पंपाचा डायफ्रॅम फाटून पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये गळत नाहीये ना, हेही याच वेळी पंपाच्या तळाशी असलेल्या गळतीच्या भोकातून बघून घ्या. मग प्लग बदला किंवा नीट साफ करा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, चोक उघडल्याची खात्री करा, एअर फिल्टर परत बसवा आणि आता मिक्श्चर स्क्रू हातात घ्या.